रोजगाराचे सरकारी आकडे कितपत विश्वासाचे? सीबीओ, रिकव्हरी डॉट गव्ह आणि रिम्स-टू यांचं परीक्षण

१७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत रिकव्हरी कायद्यावर, म्हणजे मंदीत रोजगार वाढवण्यासाठी आखलेल्या सरकारी खर्चाच्या आणि करकपातीच्या कायद्यावर, सही झाली, तेव्हा त्याचा खर्च ७८७ अब्ज डॉलर धरला होता. पुढच्या हिशेबांत तो ८०० अब्जांच्या वर गेला. या पैशाने किती लोकांना काम मिळालं, हे सांगणारी साधनं तेव्हा एकदम पुढे आली. व्हाइट हाउसच्या अर्थतज्ज्ञांचा आगाऊ अंदाज होता, काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे, म्हणजे सीबीओचे, तिमाही अहवाल होते, रिकव्हरी डॉट गव्ह या साइटवरची थेट मोजणी होती आणि विद्यापीठांतले राज्यनिहाय अभ्यास होते. याशिवाय रिम्स-टू हे गुणकांचं, म्हणजे खर्च केलेल्या पैशामागे उत्पादन किंवा रोजगार किती वाढतो हे सांगणाऱ्या आकड्यांचं, विकतचं साधन आहेच. ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस ही सरकारी सांख्यिकी संस्था ते पुरवते आणि पूल, विमानतळ, स्टेडियम यांच्या प्रस्तावांत त्याचे आकडे नेहमी भेटतात. यांतलं कोणतं साधन कशासाठी घ्यावं आणि कोणत्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, हे इथे तपासलं आहे.

आधी कसोटी सांगतो. सरकारी खर्चामुळे झालेला रोजगार म्हणजे दोन परिस्थितींमधला फरक: खर्च झाल्यावरची आणि खर्च झाला नसता तर असती ती. पहिली मोजता येते, दुसरी कधीच दिसत नाही. त्यामुळे साधन चांगलं की वाईट हे त्याच्या आकड्याच्या अचूकतेवरून ठरवता येत नाही. ती न दिसणारी बाजू त्याने कुठून आणली आणि ते उघडपणे सांगितलं का, यावरून ते ठरतं.

आगाऊ अंदाजाचं लवकर आटपू. जानेवारी २००९ मध्ये क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांनी तो मांडला. फेडरल रिझर्व्हचं मॉडेल आणि एका खासगी संस्थेचं मॉडेल यांची सरासरी काढून सरकारी खरेदीचा गुणक १.५७ आणि करकपातीचा ०.९९ धरला होता. जीडीपी एक टक्क्याने वाढला की सुमारे १० लाख नोकऱ्या, असा ठोकताळा लावला आणि २०१० च्या शेवटच्या तिमाहीसाठी सुमारे ३७ लाख हा आकडा काढला. सोबत एक आलेख होता. योजना राबवली तर बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल आणि नाही राबवली तर ९ पर्यंत जाईल, असं तो दाखवत होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर पोचली.

हा आलेख योजना फसल्याचा पुरावा म्हणून अजूनही दाखवला जातो, आणि तो तसा पुरावा नाही. चुकला तो पायाभूत अंदाज, म्हणजे योजनेशिवायची रेषा. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत जीडीपी वार्षिक दराने ३.८ टक्के घसरला, असा पहिला सरकारी आकडा जानेवारीच्या अखेरीस आला. पुढच्या वर्षांतल्या दुरुस्त्यांत तीच घसरण ८ टक्क्यांच्या पुढे गेली. अर्थव्यवस्था किती खोल गेली आहे हेच माहीत नसताना रेषा आखली होती. गुणक बरोबर असता तरी आलेख चुकलाच असता, आणि गुणक चूक असता तर या आलेखावरून ते कळलं नसतं. योजनेचे समर्थक जेव्हा म्हणतात की ती नसती तर बेरोजगारी १२ टक्के झाली असती, तेव्हा तेही याच न दिसणाऱ्या रेषेचा आधार घेत असतात.

मॉडेल बदललं की काय होतं हेही त्याच वेळी दिसलं. जॉन कोगन, जॉन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू केनेशियन पद्धतीचं मॉडेल वापरून तोच खर्च तपासला, तर रोजगारावरचा परिणाम रोमर-बर्नस्टीन अंदाजाच्या सहाव्या हिश्श्याएवढा आला. योजना जवळपास तीच होती. मुख्य फरक गृहीतकांचा होता. रोमर-बर्नस्टीन यांनी व्याजदर सगळा काळ हलणार नाही असं धरलं होतं. कोगन-टेलर यांनी वर्षा-दोन वर्षांत मध्यवर्ती बँक दर वाढवेल आणि कुटुंबं पुढच्या करांचा विचार करून आजच हात आखडतील असं धरलं होतं. नंतर प्रत्यक्षात व्याजदर २०१५ च्या डिसेंबरपर्यंत शून्याजवळच राहिला, तेव्हा या एका मुद्द्यावर पहिलं गृहीतक खरं ठरलं. बाकीच्यांचा निवाडा एवढा सोपा नाही.

आता सीबीओ. या सगळ्यांत हे सगळ्यात प्रामाणिक उत्पादन आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं गेलेलंही. पद्धत अशी: कायद्यातला खर्च प्रकारांत वाटायचा, प्रत्येक प्रकाराला एक कमी आणि एक जास्त गुणक द्यायचा, त्या तिमाहीपर्यंत खरोखर खर्च झालेल्या रकमेला त्याने गुणायचं, उत्पादनातली वाढ काढायची आणि मग काही महिन्यांचा विलंब धरून तिचं रोजगारात रूपांतर करायचं. गुणकांचं कोष्टक अहवालातच छापलेलं असे. नंतरच्या अहवालांत केंद्र सरकारच्या थेट खरेदीला ०.५ ते २.५, राज्यांना पायाभूत सुविधांसाठी दिलेल्या पैशाला ०.४ ते २.२, वरच्या उत्पन्नगटाच्या एका वर्षाच्या करकपातीला ०.१ ते ०.६ आणि कंपन्यांच्या करसवलतींना ० ते ०.४ अशी रुंदी होती. एकाच कायद्यातला एक डॉलर दुसऱ्या डॉलरपेक्षा किती वेगळं काम करतो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं कोष्टक सामान्य वाचकाला दुसरीकडे सहज मिळत नाही. अहवालातलं फक्त हे पान वाचलं तरी वेळ सत्कारणी लागतो.

नोव्हेंबर २०१० चा अहवाल उघडून पाहा. २०१० च्या तिसऱ्या तिमाहीसाठी तो सांगतो: कायद्यामुळे काम असलेल्या लोकांची संख्या १४ ते ३६ लाखांनी वाढली, पूर्णवेळ-समतुल्य नोकऱ्या २० ते ५२ लाखांनी वाढल्या आणि बेरोजगारीचा दर ०.८ ते २.० टक्के बिंदूंनी खाली राहिला. तीन ओळी, तीन निराळी मापं. दुसरी ओळ मोठी आहे, कारण अर्धवेळ माणूस पूर्णवेळ झाला किंवा आधीपासून कामावर असलेल्याला जादा तास मिळाले, की पूर्णवेळ-समतुल्य वाढतं आणि काम असलेल्यांची संख्या आहे तिथेच राहते. ज्याला मोठा आकडा हवा तो दुसरी ओळ उचलतो, ज्याला लहान हवा तो पहिलीचं खालचं टोक, आणि दोघंही 'सीबीओ म्हणतं' असं सांगतात. १४ आणि ३६ यांच्यामध्ये २५ धरून मधला आकडा चालवणं ही तिसरी चूक. सीबीओने ही दोन टोकं संशोधनातल्या बहुतेक मतांना कवेत घेण्यासाठी निवडलेली होती. मधला बिंदू जास्त संभवनीय आहे असं या रुंदीवरून निघत नाही.

आणि मूळ दोष इथे आहे. हे अहवाल दर तिमाहीला येत, म्हणून त्यांना प्रगतिपुस्तक समजलं गेलं. प्रत्यक्षात खर्चाचा आकडा तेवढा नवा असे, गुणक आधी ठरवलेला. समजा खऱ्या अर्थव्यवस्थेत खर्चाचा परिणाम शून्य झाला असता, तरी या पद्धतीने १४ ते ३६ लाखच आले असते. सीबीओचे तेव्हाचे संचालक डग्लस एल्मेनडॉर्फ यांना मार्च २०१० मध्ये एका व्याख्यानानंतर नेमकं हेच विचारलं गेलं: कायद्याने अपेक्षित काम केलं नसतं, तर या विश्लेषणात ते दिसलं असतं का? दिसलं नसतं, हे त्यांनी सरळ मान्य केलं. यात लपवालपवी काही नव्हती, अहवालातही पद्धत लिहिलेली होतीच. पण बातमीत फक्त आकडा जातो, पद्धत मागे राहते. २०११ च्या अखेरीस सीबीओने स्वतःच बऱ्याच गुणकांची खालची टोकं उतरवली आणि सरकारी खरेदीचं टोक १ वरून ०.५ वर आणलं. त्याबरोबर आधीच होऊन गेलेल्या तिमाहींच्या अंदाजाचा तळही खाली गेला. मोजलेली गोष्ट अशी मागे जाऊन बदलत नाही, अंदाज बदलतो.

म्हणून सीबीओचं कोष्टक दोन योजनांची आपसात तुलना करायला घ्यावं. बेरोजगारी भत्त्यावर १० अब्ज खर्चावेत की कंपन्यांच्या करात सूट द्यावी, या प्रश्नाला ते खरंच उपयोगी उत्तर देतं. 'योजना चालली का' हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवू नये.

रिकव्हरी डॉट गव्हचा दावा वेगळा होता. कायद्याच्या कलम १५१२ प्रमाणे पैसे घेणाऱ्या प्रत्येकाने दर तिमाहीला किती नोकऱ्या दिल्या ते कळवायचं आणि ते सगळं लोकांसमोर साइटवर ठेवायचं. मॉडेल नाही, सरळ मोजणी. ऑक्टोबर २००९ च्या पहिल्या फेरीत आकडा आला ६,४०,३२९. शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसतो, म्हणून विश्वासाचा वाटतो.

गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने नोव्हेंबरमध्ये तो तपासला. ३,९७८ अहवालांत एकही डॉलर मिळाल्याची किंवा खर्च झाल्याची नोंद नव्हती, तरी मिळून ५०,००० हून जास्त नोकऱ्या दाखवल्या होत्या. उलट ९,२४७ अहवालांत शून्य नोकऱ्या होत्या आणि खर्च जवळपास एक अब्ज डॉलर. काही नोंदींत अस्तित्वातच नसलेले काँग्रेस मतदारसंघ होते. एवढं बिनसण्याचं मुख्य कारण फॉर्ममधल्या प्रश्नात होतं. 'निर्माण झालेल्या किंवा वाचलेल्या' नोकऱ्या किती, असं विचारलं होतं. वाचलेली नोकरी म्हणजे पैसे आले नसते तर गेली असती ती, हे शाळेच्या किंवा ठेकेदाराच्या कारकुनाने कशावरून ठरवायचं? अर्थशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न एका रकान्यात बसवून हजारो लोकांकडे सोपवला होता. त्यांनी आपापल्या समजुतीने भरला.

डिसेंबर २००९ मध्ये नियम बदलला आणि तो बदल चांगला होता. निर्माण-वाचलेला हा भेद काढून टाकला. या पैशातून पगार निघालेले तास मोजायचे आणि पूर्णवेळ माणसाच्या तिमाहीतल्या तासांनी भागायचे. वर्षाचे २,०८० तास धरले तर तिमाहीचे ५२०. म्हणजे दोन माणसांनी प्रत्येकी २६० तास काम केलं, तर एक नोकरी. यानंतरची आकडेवारी पहिल्या फेरीपेक्षा बरीच स्वच्छ आहे, पण वापरताना एक पथ्य पाळावं लागतं: तिमाह्यांची बेरीज करायची नाही. वर्षभर कामावर असलेला एकच माणूस चार अहवालांत येतो, आणि बेरीज केली की त्याच्या चार नोकऱ्या होतात. वर्षाचा आकडा हवा तर चारांची सरासरी घ्यावी.

साइटची व्याप्तीही लक्षात ठेवायला हवी. करकपात, बेरोजगारी भत्ता, मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी राज्यांना दिलेली वाढीव मदत यांतून झालेला रोजगार या मोजणीत येत नाही. कामगाराने पगार बाजारात खर्च केल्यावर दुकानात वाढलेलं कामही नाही. आणि तोच कामगार या प्रकल्पावर नसता तर दुसरीकडे कामाला असता का, हे तर कुठेच नाही. म्हणजे एका अर्थाने आकडा अपुरा आणि दुसऱ्या अर्थाने फुगलेला. पैसा कुठल्या गावात कुणाला गेला हे शोधण्यासाठी साइट उत्तम होती, आणि तेवढ्यासाठी तिची जुनी माहिती आजही उघडावी. रोजगारावरचा परिणाम तिच्यात नाही.

रिम्स-टूवर जास्त थांबतो, कारण ते सर्वसामान्य सल्लागाराच्या आणि नगरपालिकेच्या हातातलं साधन आहे आणि त्यातल्या चुका टाळता येण्यासारख्या आहेत. राष्ट्रीय इनपुट-आउटपुट कोष्टक, म्हणजे कोणता उद्योग कुणाकडून किती खरेदी करतो याचा तक्ता, घेऊन ते त्या-त्या भागातल्या उद्योगांच्या प्रमाणात उतरवतात आणि प्रत्येक उद्योगासाठी गुणक देतात. टाइप-वन गुणकात फक्त उद्योगांची आपसातली खरेदी असते. टाइप-टूमध्ये कामगार कुटुंबांचा खर्चही धरलेला असतो, म्हणून तो नेहमी मोठा. प्रस्तावात कोणता वापरला हे लिहिलेलं नसेल, तर बहुधा टाइप-टू आहे असं समजून वाचावं.

एक उदाहरण करून पाहू. २ कोटी डॉलरचा पूल आहे आणि त्या भागासाठी बांधकामाचा गुणक दहा लाख डॉलरमागे १२ नोकऱ्या असा आहे, असं समजा. घाईत केलेला हिशेब: २० गुणिले १२, म्हणजे २४० नोकऱ्या. आता नीट करा. दोन कोटींतले २० लाख जमीन घेण्यासाठी आहेत. जमिनीचा मालक बदलण्यात उत्पादन काही होत नाही, ते वगळा, उरले १ कोटी ८० लाख. गुणक ज्या वर्षाच्या डॉलरमध्ये आहे, त्यानंतर किमती २० टक्के वाढल्या असतील तर १.२ ने भागा: १ कोटी ५० लाख. गुणिले १२, म्हणजे १८०. काम तीन वर्षं चालणार असेल तर ही १८० रोजगार-वर्षं (एका नोकरीचं एक वर्ष म्हणजे एक रोजगार-वर्ष) झाली, म्हणजे सरासरी एका वेळी ६० नोकऱ्या. आणि रिम्स-टूमध्ये अर्धवेळ नोकरीही एकच धरतात, तेव्हा ६० ही माणसं पूर्णवेळचीच असतील असं नाही. २४० पासून ६० पर्यंत आलो ते फक्त सूचनापुस्तिकेप्रमाणे वागून, अर्थशास्त्रातला वाद कुठेच आला नाही.

पोलादाचे गर्डर बाहेरच्या राज्यातून येणार असतील, तर इथे हमखास गडबड होते. लोक त्यांची किंमत वजा करतात आणि उरलेल्याला पुन्हा बांधकामाचाच गुणक लावतात. पण त्या गुणकात बाहेरून येणाऱ्या मालाची सरासरी गळती आधीच धरलेली असते, म्हणजे वजावट दोनदा झाली. दोन रस्ते आहेत. एक तर पूर्ण बांधकाम खर्च बांधकामाच्या ओळीत घालायचा. नाहीतर खरेदीची यादी फोडायची, भागातून घेतलेली प्रत्येक वस्तू आपापल्या उद्योगात घालायची, बाहेरची सोडून द्यायची आणि बांधकामावरचे थेट कामगार वेगळे मिळवायचे. अर्धा हा अर्धा तो असं करू नये. किरकोळ दुकानातल्या खरेदीचंही तसंच आहे: फ्रिजची पूर्ण किंमत दुकानदारीच्या ओळीत घातली की आकडा फुगतो, कारण दुकानाकडे राहतो तो फक्त नफ्या-खर्चाचा वाटा. बाकी रक्कम कारखान्याची, घाऊक व्यापाऱ्याची आणि वाहतुकीची.

हे सगळं बिनचूक केलं तरी रिम्स-टू एक गोष्ट करू शकत नाही. कामगार आणि माल हवा तेवढा त्याच किमतीत मिळेल, असं ते धरून चालतं. पैसा करातून किंवा कर्जातून आला आणि तिथे काही कमी झालं असेल, याचा त्यात मागमूस नसतो. भागात कामगारांची आधीच टंचाई असेल, तर पुलाचे गवंडी दुसऱ्या बांधकामावरून उठून येतात आणि आकडा तरीही तोच येतो. म्हणून हा आकडा एकूण हालचालीचा आहे, निव्वळ वाढीचा नाही. शिवाय तो शिळा होतो. फेडरल हायवे प्रशासनाच्या मॉडेलने एक अब्ज डॉलरच्या केंद्रीय महामार्ग खर्चामागे, राज्यांचा वाटा धरून, १९९७ साठी सुमारे ४७,५०० नोकऱ्या सांगितल्या होत्या. २००७ साठी त्या सुमारे ३४,८०० वर आल्या, मुख्यतः त्याच डॉलरमध्ये कमी माल आणि कमी मजुरी बसते म्हणून. जुना आकडा त्यानंतरही भाषणांत फिरत राहिला.

खऱ्या अर्थाने परिणाम मोजायचा प्रयत्न राज्यनिहाय अभ्यासांनी केला. मेडिकेडची वाढीव मदत काही अंशी राज्याच्या मंदीपूर्वीच्या मेडिकेड खर्चावर ठरत होती, म्हणजे मंदीशी संबंध नसलेल्या कारणाने काही राज्यांना जास्त पैसे मिळाले. गॅब्रिएल चोडोरो-राइश आणि सहकाऱ्यांनी या फरकाचा उपयोग केला आणि दर १,००,००० डॉलरमागे ३.८ रोजगार-वर्षं काढली, म्हणजे एकामागे सुमारे २६,००० डॉलर. डॅनियल विल्सन यांच्या अभ्यासात खर्चाचे प्रकार वेगळे होते, तिथे दहा लाख डॉलरमागे सुमारे ८ नोकऱ्या, म्हणजे एकीमागे १,२५,००० डॉलर. टिमोथी कॉनली आणि बिल ड्युपोर यांना सरकारी नोकऱ्या वाचल्याचं दिसलं, पण खासगी क्षेत्राबद्दल त्यांच्या आकड्यांची त्रुटीमर्यादा इतकी रुंद होती की शून्य परिणामही नाकारता आला नाही. पन्नास राज्यं म्हणजे पन्नासच नोंदी, अचूकतेला तिथेच मर्यादा येते.

या अभ्यासांत न दिसणारी बाजू कमी पैसे मिळालेल्या राज्यांकडून घेतलेली असते. मॉडेलच्या पोटातून काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि आमच्या मते या सगळ्या साधनांत भरवसा ठेवावा तो यांवर. फक्त उत्तर सापेक्ष असतं: जास्त पैसे मिळालेल्या राज्यात कमी मिळालेल्यापेक्षा किती जास्त नोकऱ्या. व्याजदर आणि केंद्राचे पुढचे कर सगळ्या राज्यांना सारखेच, म्हणून त्यांचा परिणाम तुलनेत गळून पडतो. एमी नाकामुरा आणि योन स्टाइनसन यांनी लष्करी खरेदीवरून राज्यपातळीचा गुणक सुमारे १.५ काढला, पण देशपातळीचा गुणक मध्यवर्ती बँक कशी वागते त्यावर याहून कमी किंवा जास्त होऊ शकतो, हेही त्यांनीच दाखवलं. १.५ उचलून देशाच्या खर्चाला लावता येत नाही.

'एका नोकरीमागे किती डॉलर' हा आकडा समोर आला, तर आधी भागाकार तपासावा. रिकव्हरी कायद्याबद्दल सगळ्यात जास्त फिरलेली चूक इथलीच आहे: अनेक वर्षांचा पूर्ण खर्च घ्यायचा आणि त्याला एका तिमाहीत कामावर असलेल्या माणसांनी भागायचं. अंशात रस्ते, वीजजाळी, करसवलती, भत्ते सगळं, छेदात एका तारखेची हजेरी. तीन वर्षं काम केलेला माणूस एकदाच मोजला जातो आणि उत्तर दोन-तीन लाख डॉलरच्या घरात जातं. छेदात रोजगार-वर्षं घ्यायला हवीत आणि अंशात त्याच वर्षांत झालेला खर्च. व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागार मंडळाने मे २००९ मध्ये दिलेला ९२,००० डॉलरचा आकडा एका रोजगार-वर्षाचा होता, आणि तोही मॉडेलमधूनच काढलेला. मेडिकेड अभ्यासातले २६,००० डॉलरही रोजगार-वर्षाचे आहेत, पण ते राज्यांमधल्या तुलनेतून आलेले. एकक सारखं असलं तरी एक आकडा देशाचा आणि दुसरा सापेक्ष, तेव्हा शेजारी मांडताना प्रत्येकापुढे तो कुठून आला हे लिहावं.